तीन टोप्या

गेशे हार्म्स सांगते त्यात थोडं खोटं असतं,
टाक्यांचा हिशेब मात्र चोख:
शहाण्णव घालायचे, दोन सुलट, दोन उलट,
कपाळभर उंची झाली की माथा मिटत आणायचा.
एका टोपीला दोन संध्याकाळी.
बातम्या लागल्या तर तीन.
बातम्यांना हात थांबतो.

ब्रेमरहाफनच्या धक्क्यालगत खलाशांसाठी एक घर आहे.
तिथे फुकट वायफाय, बिलियर्डचं टेबल,
आणि दाराशी तिची पेटी.
गुरुवारी ती पेटी भरते,
पुढच्या गुरुवारी तळ दिसतो.
कोण नेतं, कुठे नेतं, कुणी कळवत नाही.
जहाजं रात्रीतून सुटतात.

घरच्यांचं वेगळं.
घरच्यांना दिलेलं पुन्हा पुन्हा समोर येतं.
वीबकेचे मोजे कुत्र्याच्या टोपलीत सापडले.
सुनेची शाल फोटोत दिसली,
एकदाच, घड्या तशाच.
आणि हाउकेचा निळा स्वेटर तर परतच आला
म्युनिकहून, "आई, टोचतो गं," अशी चिठ्ठी,
चांगलं खोकं, वर चॉकलेट.
चॉकलेट ओनोने खाल्लं.

आठ वर्षं तो कपाटात होता.
या नोव्हेंबरात तिने बाहीची शिवण कापली
आणि टोक ओढलं.
स्वेटर ओरडत वगैरे नाही.
नुसता खरखरत कमी होत जातो,
आधी गळा, मग खांदे,
मग ती एक घट्ट ओळ, अंगात ताप असताना विणलेली,
जी तिच्याशिवाय कुणालाच दिसली नसती.
ओनो समोर बसला, दोन्ही हात पुढे धरून.
बेचाळीस वर्षांत विणकामातलं त्याला एवढंच जमलंय.
ती त्याच्या हातांभोवती लडी करत गेली.
मध्येच त्याचं नाक खाजलं.
तिने खाजवलं.

उसवलेली लोकर लगेच सरळ होत नाही.
एकेका टाक्याचं वळण तिच्यात उरतं.
कोमट पाण्यातून काढून न्हाणीत टांगायची,
खाली वाटाण्याचा डबा लटकवायचा,
आणि रात्रभर ठिबकू द्यायची,
आपण कुणाची छाती होतो
हे ती विसरेपर्यंत.

तीन टोप्या झाल्या. लिंबाएवढा गुंडा उरला.

त्या गुरुवारी ती पेटीशी वाकलेली असतानाच
एक मुलगा आला, दाराएवढा रुंद, पायांत चपला.
किरिबातीचा, म्हणाला. नाव बेनिआमिना.
तिने मनातला नकाशा चाळला. सापडेना.
त्याने निळी टोपी उचलली
आणि उलटी करून घातली,
जुन्या लोकरीच्या सगळ्या गाठी बाहेर,
कानावर एक टोक लोंबतंय.
गेशेने तोंड उघडलं. मिटलं.
"अजून एक नेऊ?" त्याने विचारलं. "आईला."
"तिकडे थंडी पडते?"
"कधीच नाही."
"मग?"
तो विचारात पडला.
"ही घालून ती चर्चला जाईल," म्हणाला,
"आणि घामाने निथळेल,
पण काढणार नाही."

तिसरी कुणी नेली, ते काही कळलं नाही.

जानेवारीत हाउकेचा फोन.
हीटर बिघडलाय, बर्फ गुडघाभर,
दुरुस्तीवाला सोमवारशिवाय येत नाही.
मग जरा थांबून,
"तो निळा स्वेटर आहे का गं अजून?"

ओनोने वर्तमानपत्र खाली केलं.

"तो बोटीवर लागला," ती म्हणाली.
"काय?"
"नोकरीला."
पलीकडे क्षणभर नुसतं म्युनिक ऐकू आलं,
एक ट्राम, कुणाचं तरी खोकणं.
तिने पेन्सिल घेतली, बिलाची मागची बाजू घेतली.
"या वेळी मऊ लोकर आणते.
छाती किती आता तुझी?
आणि खोटं सांगू नकोस."